सासूबाईंचे सणवार मी एकटी कसे सांभाळू?

"मावशी, मी सांगलीत विश्रामबागला राहते. मी बँकेत, हे कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीने कामाला. मुलगा चौथीत, मुलगी पहिलीत. सासूबाई होत्या तोवर सगळे सण दणक्यात व्हायचे. गेल्या वर्षी त्या गेल्या आणि सगळंच थंडावलं. परवा पुण्याच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, 'आईंच्या मागे घराला घरपण राहिलं नाही.' फार लागलं. मुलांना पुढे काय आठवणार? सुरुवात कुठून करू?"

बाळ, जाऊबाईंचं बोलणं आधी कानाआड कर. पुण्यात बसून बोलायला काय जातंय! सासूबाईंच्या सणांमागे दिवसभर घरात राबणारं एक माणूस होतं. बँकेतून साडेसहाला परतून तू त्यांची सगळी पंचांगं पाळायला गेलीस, तर गणपतीपर्यंत कंबर धरून बसशील.

मुलांच्या हाताने जे होतं ते त्यांना आठवतं. 'लुडबुड करू नका' म्हणत तू एकटीने रांधलेल्या सणातलं त्यांना फक्त ताट दिसतं. म्हणून वर्षातल्या दोनच गोष्टी धर आणि त्यांना सोपव.

पहिली, आषाढातल्या कापण्या. आपल्याकडे आषाढ तळतात, त्यातला हा सगळ्यात सोपा पदार्थ. आदल्या रात्री गूळ पाण्यात विरघळवून गाळून ठेव. दुसऱ्या दिवशी कणकेत मूठभर बेसन, चिमूटभर मीठ नि कडकडीत तेलाचं मोहन घालून त्या पाण्यात घट्ट भिजव. जाडसर पोळी लाटून वर खसखस पसरायची नि लाटणं एकदा हलकेच फिरवायचं, नाहीतर सगळी खसखस कढईत उतरते. खसखस मुलीकडे, कातणं मुलाकडे. तुकडे वाकडेतिकडे झाले तर होऊ देत. तळायला नवऱ्याला उभं कर, आच मंद ठेवायची एवढं बजावून. पाळीवर जातानाही डबा भरून नेईल.

दुसरी, दिवाळीचा किल्ला. हा तर सोसायटीच्या आवारात, सगळ्या पोरांनी मिळून. विटा आणि दगड रचायचे, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, म्हणजे डोंगराला आपोआप सुरकुत्या पडतात. आठवडाभर आधी मोहरी किंवा हळीव पेरायला लाव. उगवलं की पोरं सकाळी दात घासायच्या आधी खाली पळतात. तयार प्लॅस्टरचा किल्ला मात्र विकत आणू नकोस. त्यात करायला काय उरतं?

बाकीचं जमेल तसं. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, कोजागिरीला गच्चीवर दूध, बेंदराला मातीचे बैल आणून पोरांकडून रंगवून घे. श्रावणी सोमवारी हरिपूरला संगमेश्वराला जाता आलं तर उत्तम, नाहीतर रविवारी जा. देव काही रजेचा अर्ज मागत नाही. कृष्णा-वारणेचा संगम दाखव, येताना भडंग घ्या. पावसाळ्यात आयर्विन पुलाकडे पाणी बघायला जायची अख्ख्या सांगलीला खोड आहे, पण २०१९चा महापूर पाहिल्यावर मी तरी त्याला सण म्हणणार नाही. पाणी चढतंय म्हटल्यावर मुलांना घेऊन तिकडे फिरकू नकोस.

राहिल्या गौरी. तुझ्या मनातला खरा काटा हाच असणार. मुखवटे, साड्या, फराळ, सोळा भाज्या, हे एकटीचं काम नाही. दोन्ही घरांनी मिळून गौरी एकदाच बसवा. एक वर्ष सांगलीत, एक वर्ष पुण्यात. आणि हे जाऊबाईंना तू सांगायचं नाहीस, तुझ्या नवऱ्याने त्याच्या भावाला फोन करून सांगायचं. आई दोघांची होती. यंदा तुमच्याकडे असतील, तर पुरण जाऊबाईंनी शिजवून, वाटून आणायचं, हेही त्याच फोनवर ठरू दे.

— तुझी मावशी