वाचकांचे प्रश्न : बदलत्या हवेतली निसर्गछायाचित्रं

उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तिन्ही ऋतूंतल्या अडचणी सांगणारी सहा पत्रं या वेळी निवडली आहेत. बहुतेकांनी दोष लेन्सला दिला आहे. पत्रं वाचताना आम्हाला मात्र बऱ्याच ठिकाणी दोष हवेचा दिसला.

प्रश्न : मे महिन्यात ताडोबात ६०० एमएमच्या लेन्सने काढलेले फोटो सकाळी नऊनंतर धूसर येतात. लेन्स दुरुस्तीला द्यावी का? (नागपूर)

आधी एक तपासणी करा. सकाळी साडेसहाच्या सुमारास २० मीटरवरच्या झाडाच्या सालीचा फोटो काढा. तो रेखीव आला तर लेन्स ठणठणीत आहे. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत कमी-जास्त उष्णतेचे थर असतात आणि प्रत्येक थर प्रकाशाला थोडा वेगळा वाकवतो. अंतर वाढलं की ही थरथर वाढते, टेलीकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा जोड) लावला की तीच मोठी होऊन दिसते. शटरचा वेग वाढवून ती जात नाही.

लांबच्या वाघाचे फोटो पहिल्या दोन तासांतच घ्या. नंतर जवळचे आणि सावलीतल्या पाणवठ्यावरचे प्रसंग शोधा. सलग दहा-बारा फ्रेम घेतल्या तर एखादी हवा क्षणभर स्थिर असतानाची निघते. जिप्सीच्या बॉनेटवरून फोटो काढू नका, कारण इंजिनची गरम हवा थेट लेन्ससमोरून वर जाते. चालकाला इंजिन बंद करायला सांगा, त्याने कंपनंही थांबतात. टेकूसाठी बीनबॅगमध्ये दोनेक किलो तांदूळ भरा, पण पिशवी एक तृतीयांश रिकामी ठेवा. ठासून भरली तर लेन्स तिच्यात बसत नाही, वरून घसरते.

चंद्रपूर भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. कॅमेऱ्यावर पांढरा सुती पंचा टाका. धुळीच्या रस्त्यावर लेन्स बदलू नका.

प्रश्न : काजव्यांचा फोटो काढायचा आहे. दहा मिनिटं शटर उघडं ठेवलं तर फोटो पांढुरका होतो आणि ठिपके फिके पडतात. (नाशिक)

एकच लांब फ्रेम घेण्याचा नाद सोडा. दहा मिनिटांत आकाशाचा उजेड साचतो, सेन्सर तापून दाणे येतात आणि शेवटच्या मिनिटाला कुणी बॅटरी लावली की सगळंच जातं. कमी वेळाच्या फ्रेम घेऊन नंतर एकावर एक रचायच्या.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, जोरदार पाऊस लागण्याआधी, अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा. पुरुषवाडी, भंडारदरा, राजमाची या भागांत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे जमतात. उजेड असतानाच पोहोचून झाड निवडा. ट्रायपॉड रोवा, झाडावर फोकस साधून तो मॅन्युअलवर टाका आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. अंधारात फोकस सापडत नाही, बहुतेकांचे फोटो इथेच बिघडतात. सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी, झाडाचा आकार दिसत असताना, एक मूळ फ्रेम घ्या. मग ट्रायपॉड न हलवता एफ २.८ (लेन्सचं छिद्र किती उघडं, त्याचा आकडा), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६००, २० सेकंद अशा ५० फ्रेम घ्या. या सगळ्याला सतराएक मिनिटं लागतात. घरी फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फ्रेमवर बाकीच्या ‘लाइटन’ मोडमध्ये (प्रत्येक जागी सर्वांत उजळ ठिपका राखणाऱ्या) रचा. चौकटीत आकाश शक्यतो नको, ताऱ्यांच्या रेघा उमटतात.

स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद ठेवा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही (लांब फ्रेममधले दाणे कमी करणारी सोय) बंदच हवं, कारण ते चालू असलं तर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा आणखी २० सेकंद अडून राहतो आणि निम्मे काजवे निसटतात. ऑटोफोकसचा मदत-दिवाही बंद करा, कॅमेऱ्यावरच्या बाकी लुकलुकत्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावा.

फ्लॅश आणि पांढरी बॅटरी तिथे नकोच. नर-मादी एकमेकांना उजेडाच्या खुणेनेच शोधतात, आपल्या झोतात ती खूण बुडते. चालताना बॅटरीला लाल जिलेटिन कागद बांधा आणि झोत पायाशी ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यानंतर लेन्समध्ये पांढरे तंतू दिसू लागले. तांदळाच्या डब्यात ठेवून उपयोग होईल का? (सावंतवाडी)

नाही. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही, त्याचा भुगा मात्र लेन्सच्या फटींत जातो.

ही बुरशी आहे. ऍपर्चर (लेन्सचं प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडून मागून मोबाइलची बॅटरी तिरकी धरा, म्हणजे तिचा पसारा कळेल. बाहेरच्या काचेवर असेल तर लेन्स साफ करण्याच्या द्रवाने आणि मऊ कापडाने निघते. आत असेल तर लेन्स उघडणं जाणकाराचंच काम आहे, आणि तिथे उशीर करू नका. बुरशीचं आम्ल काचेवरचा लेप खातं, मग बुरशी निघाली तरी डाग कायम राहतो. उन्हात ठेवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण उघडी लेन्स ऊन एका बिंदूवर गोळा करते आणि कापड पेटवू शकते.

पुढच्या पावसाआधी एवढं करा. रबराच्या कडेचा हवाबंद डबा, त्यात छोटा आर्द्रतामापक आणि १० लिटरच्या डब्याला २०० ते ३०० ग्रॅम सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे). काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. ३० च्या खाली नेलं तर रबर आणि वंगण सुकतं. नारंगी जातीचं जेल घ्या, निळ्यात बहुधा कोबाल्टचा क्षार असतो. रंग बदलला की वेगळ्या ट्रेमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवा, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. चामड्याचं आवरण पावसाळ्यात काढून ठेवा, ते ओल धरतं.

एसीच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर अर्धा-पाऊण तास उघडू नका. दव पिशवीवर धरेल, काचेवर नाही.

प्रश्न : कास पठारावर मोबाइलवर फुलांचे चांगले फोटो येतील का? (सातारा)

येतील. वाट न सोडता कडेला बसा आणि दुप्पट झूमची लेन्स वापरा. वाऱ्यात सलग फ्रेम घ्या, दोन झुळकांच्या मध्ये फूल क्षणभर थांबतं. धुक्यात मोबाइल फोटो करडा करतो, उजेड थोडा वाढवा. सड्यावर कातळावरची माती जेमतेम काही सेंटिमीटर असते. सीतेची आसवं ही फुलं तेवढ्यातच उगवतात, तिथे पाय टाकू नका.

प्रश्न : भिगवणला रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंग फोटोत सपाट होतो आणि उडतानाचे फोटो हलतात. (सोलापूर)

रंगाचं कारण लाल चॅनेल, म्हणजे फोटोतल्या तीन मूळ रंगांपैकी लाल. एकूण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण पंखांतला लाल त्याआधीच काठाला टेकलेला असतो. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम चालू करा आणि उन्हात एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) −०.७ वर आणा. धुक्याची, फिकट पार्श्वभूमी असेल तर उलट +०.७ लागतं. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा.

उडताना शटर १/२५०० सेकंद, एफ ७.१, ऑटो आयएसओ. नावेत ट्रायपॉड नको, तो नावेची प्रत्येक हालचाल कॅमेऱ्यापर्यंत पोहोचवतो. खाली बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून धरा. पाण्याच्या पातळीवरून फोटोही देखणा येतो. वारा पाठीवर घ्या. रोहित वाऱ्याच्या दिशेला तोंड करून, पाण्यावर धावत उड्डाण घेतात, म्हणजे ते तुमच्याकडे तोंड करून उठतील.

उडवण्यासाठी नाव थव्यात घालायला नावाड्याला सांगू नका. माना उंचावून सगळे एका बाजूला भराभर चालू लागले की तुम्ही जास्त जवळ आलात. तिथेच थांबा, खाणं पुन्हा सुरू होऊ द्या. उठायचं तेव्हा ते आपसूक उठतात.

प्रश्न : जूनमध्ये नवरंग पक्षी आवाजाने सापडतो, दिसत नाही. मोबाइलवर त्याची शीळ वाजवावी का? (रत्नागिरी)

वाजवू नका. जून हा त्याचा विणीचा काळ. शीळ ऐकून नर परका नर आला असं समजतो आणि खाणं, घरटं सोडून त्याला हाकलायला धावतो. दिवसातून पाच जणांनी हे केलं तर त्याचा दिवस त्यातच जातो.

पहाटे आणि संध्याकाळी तो स्वतःच दोन सुरांची शीळ घालतो. आवाजाचा भाग ठरवून पालापाचोळा असलेल्या मोकळ्या जागेपासून १५ मीटरवर बसा आणि तासभर हलू नका. तो जमिनीवर उड्या मारत चरतो. पाचोळ्यात थबकला की शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ ३२०० पुरतं. चोचीत गांडूळ धरून पक्षी फांदीवर नुसताच थांबला असेल, तर घरटं जवळ आहे आणि तो तुमच्यामुळे थांबला आहे. लगेच तिथून निघा.