जूमधलं काळं अस्वल जानेवारीत जागं का?

ताई, तुमचे तीन प्रश्न असे: जूमधलं काळं अस्वल ऐन जानेवारीत जागं कसं, ते कुंपणाच्या कडेने सारख्या येरझाऱ्या का घालत होतं, आणि त्याला जंगलात सोडून का देत नाहीत? मी अमेरिकेतल्याच एका जूमध्ये बरीच वर्षं स्वयंसेवक आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

काळं अस्वल हिवाळ्यात झोपतं ते थंडीपेक्षा खायला काही उरत नाही म्हणून. हिवाळ्याआधी ते ओकची फळं, बेरी, मुळं, किडे असं मिळेल ते ओरपतं, दिवसाला 20,000 कॅलरींपर्यंत. मग पोकळ झाडात किंवा कपारीत शिरलं की कित्येक महिने खाणं नाही, पिणं नाही, शी-शू नाही. 2011 साली अलास्कातल्या अस्वलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हृदयाचे ठोके मिनिटाला 55 वरून 14 पर्यंत उतरलेले दिसले आणि शरीराचा खर्च नेहमीच्या चौथाईवर आलेला, पण अंगाचं तापमान मात्र थोड्याच अंशांनी कमी झालं होतं. माणूस इतके महिने अंथरुणाला खिळला तर हातपाय काड्या होतील. अस्वल लघवीतून जायचा युरिया शरीरातच परत वापरतं, त्यामुळे त्याचे स्नायू बऱ्यापैकी टिकतात. मादीचं तर आणखी नवल. मीलन जून-जुलैत होतं, पण गर्भ रुजतो थेट हिवाळ्याच्या तोंडाशी, तोही अंगावर पुरेशी चरबी असेल तरच. जानेवारीच्या सुमारास बिळातच पिल्लं होतात, जेमतेम पाव किलोची.

जूमध्ये रोज खाणं मिळतं, म्हणून ही गाढ झोप लागत नाही. हिवाळ्यात भूक मंदावते, अस्वल पेंढ्यात लोळत राहतं, मध्येच बाहेर येतं. नुसतं जागं दिसलं म्हणून त्याचे हाल होताहेत असं समजू नका.

येरझाऱ्यांचं मात्र मलाही वाईट वाटतं, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. खाण्याच्या वेळेआधी थोडा वेळ फेऱ्या मारल्या तर ती वाट पाहणं असतं. पण तासन्‌तास तीच रेघ, त्याच जागी मान वळवणं, हे दिसलं तर काहीतरी कमी पडतंय. निव्वळ मोठं आवार देऊन भागत नाही. जंगलात अस्वलाचा बराचसा दिवस अन्न हुडकण्यात जातो, ते काम त्याला इथेही मिळायला हवं. आमच्याकडे सकाळी अस्वल बाहेर सोडायच्या आधी कीपर ओंडक्याच्या भोकांत पीनट बटर भरतात, गोळीखाद्य पेंढ्यात विखुरतात. भांड्यात दिलं तर दहा मिनिटांत फस्त होणारं खाणं मग सकाळभर पुरतं. ओंडका पंजाने उलटायचा, भोकात नाक खुपसायचं, मग ती लांब जीभ आत घालायची. जवळून पाहिलं की इतक्या थोराड जनावराच्या ओठांत केवढी नजाकत आहे ते कळतं, एकेक शेंगदाणा अलगद वेचतं. चांगले कीपर अस्वलाला पंजा स्वतःहून जाळीबाहेर द्यायला शिकवतात. मधाचं पाणी चाटता चाटता रक्त काढून होतं, भूल द्यावी लागत नाही.

आता सोडून देण्याबद्दल. इथल्या जूंमधली बरीच अस्वलं अनाथ सापडलेली किंवा माणसाच्या खाण्याला चटावलेली असतात. माणसाची भीती गेलेलं अस्वल सोडलं की ते थेट वस्तीत येतं, आणि बहुतेकदा गोळीने मरतं. पिल्लं लहानपणीच योग्य हातात पडली तर गोष्ट वेगळी. टेनेसीत टाउनसेंड इथे ॲपलाचियन बेअर रेस्क्यू ही संस्था 1996 पासून अनाथ पिल्लं वाढवून पुन्हा जंगलात पाठवते, आणि माणूस त्यांच्या नजरेस पडू नये याची काळजी घेते.

तुम्ही न्यू जर्सीत राहता म्हणून एवढं कराच. तिथल्या सर्व 21 काउंटींमध्ये अस्वलं दिसली आहेत आणि त्यांना खाऊ घालणं बेकायदा आहे. कचरा आदल्या रात्री बाहेर ठेवू नका, उचलायच्या दिवशी सकाळीच ठेवा. वसंतात बर्ड फीडर काढा, ग्रिलचा तेलकट ट्रे धुऊन ठेवा. अंगणात अस्वल दिसलंच तर पळू नका, त्याला जायला वाट मोकळी ठेवून मोठ्याने बोलत सावकाश मागे सरका. आणि पुढच्या वेळी जूमध्ये गेलात की कीपरला विचारा, अस्वलाला खाणं कसं देता आणि दिवसातून किती वेळा. त्या उत्तरावरून त्याचे दिवस कसे जातात ते बरंचसं कळेल.