नानाचा अंगठा: हद्द कोकणाची की खूण घाटाची?

ताई, मुरबाडहून माळशेजकडे जाताना उजव्या हाताला तुम्हाला दिसला तो अंगठ्यासारखा उभा कडा म्हणजे नानाचा अंगठा. कोणी घडवलेला नाही, सह्याद्रीचा नेहमीचा काळा बेसॉल्ट. 'हा कोकण आणि देशाच्या हद्दीचा दगड का?' याला माझं उत्तर अर्धं हो.

हद्द म्हणाल तर ती अख्ख्या कड्याच्या धारेवरून जाते. खाली ठाणे जिल्हा, वर पुणे. पाण्याचीही वाटणी तिथेच: कोकणात उतरलेलं काळू-उल्हासमार्गे अरबी समुद्राला, माथ्यामागचं कुकडीतून घोड, भीमा, कृष्णा करत थेट बंगालच्या उपसागराला. अंगठ्याचं काम वेगळं. पूर्वी सोपारा-कल्याणच्या बंदरांतून लादलेली जनावरं हाकत निघालेल्या व्यापाऱ्याला खालून सगळी भिंत सारखीच दिसणार. तिच्यात वाट कुठे आहे ते अंगठा लांबूनच दाखवतो. त्याला लागूनच नाणेघाटाची खिंड, तिथून जुन्नर आणि पुढे पैठण.

सरहद्द ओलांडल्यासारखं वाटतं ते मात्र खिंडीत. कड्यातल्या या अरुंद वाटेला नळी म्हणतात, तिच्या तोंडाशी सातवाहनांची गुहा आहे. बाजूच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख, सुमारे २००० वर्षांपूर्वीचा: अश्वमेधासारखे यज्ञ, दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, हत्ती, कार्षापण नाणी, आणि तेही आकड्यांत मांडलेले. भारतीय अंकांच्या इतिहासात हा लेख टाळून पुढे जाता येत नाही. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता वर सिमुक, सातकर्णी, नागनिका अशी नावं, आणि खाली नुसती झिजलेली पावलं. बहुतेक मंडळी तिथे डबे उघडून बसतात, भिंतीकडे पाठ करून! नळी चढून वर आलात की दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात.

वरून अंगठा अंगठ्यासारखा दिसतच नाही. गवताचा उतार चढत जायचं आणि पुढे एकदम जमीन संपते. पावसाळ्यात वारा कड्यावरचं पाणी उलटं वर फेकतो, तेव्हा फोटोसाठी कडेला जाऊ नका.

कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी एसटी धरा, वैशाखरेपुढे नाणेघाटाच्या फाट्यावर उतरा. चढायचं नसेल, नुसता अंगठाच बघायचा असेल, तर हिवाळ्यात दुपारनंतर जा. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सकाळी सावलीत राहतो.