आधी वठलेलं झाड शोध

प्रिय मित्रा,

मेसेज वाचला तुझा. सिंधुदुर्गातल्या तिळारीला जाऊन पांढऱ्या पोटाचा सुतार पक्षी बघायचाय, आणि पुढे जमलं तर त्याच्यावरच काम करायचंय म्हणालास, ऐकून फार बरं वाटलं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, निवांत वाच.

पक्ष्याच्या मागे पळू नको, आधी वठलेली झाडं शोध. हा पक्षी कावळ्याहून मोठा, जवळपास 48 सेंटीमीटर, सह्याद्रीतल्या सगळ्या सुतारांत थोराड. एवढ्या पक्ष्याला आत शिरून पिल्लं वाढवायची म्हणजे खोड किती जाड लागेल विचार कर, आणि नुसतं जाड असून भागत नाही, आतून मेलेलं, थोडं मऊ पडलेलं पाहिजे. असं खोड तयार व्हायला झाड आधी म्हातारं व्हावं लागतं, मग मरावं लागतं, आणि मेल्यावरही बरीच वर्षं तसंच उभं राहावं लागतं. आपण नेमकं तेच होऊ देत नाही.

मी दोडामार्ग तालुक्यात एका मालकीच्या जंगलात त्याची ढोली पहिल्यांदा पाहिली ती खालून, म्हणजे आधी जमिनीवरच्या ढलप्या दिसल्या, काडेपेटीएवढ्या, ताज्या, पिवळसर, पाचोळ्यावर पसरलेल्या, आणि मान वर केली तर वठलेल्या सावरीच्या खोडात नर अर्धा आत, त्याची लाल शेंडी आत जाते बाहेर येते आणि दर वेळी चोचीतून भुसा खाली. दोन तास बसलो होतो, मान आखडली तरी उठवेना. पुढच्या वर्षी गेलो तर तिथे बुंधा फक्त. जळाऊ लाकडात गेली ती सावर. शेजारच्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, 'सुकलेला झाड हा, तेका ठेवन काय करतलंव?' त्यांच्यावर राग नाही रे माझा. सुकलेलं झाड म्हणजे सरपण हेच आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत, त्यात कोणाचा तरी संसार असतो हे कोणी सांगितलंच नाही कधी.

आता तू म्हणशील जंगल तर हिरवंगार दिसतं तिकडे. दिसतं, पण जवळ जाऊन बघ, कितीतरी ठिकाणी ते रबर आहे, काजू आहे, अननस आहे. रबराची झाडं सगळी एका वयाची, चीक आटला की एकदम काढून टाकतात, म्हातारं झाड उरतच नाही, मग पोखरायला काय मिळणार आणि लाकडातल्या मुंग्या, अळ्या तरी कुठून येणार. सोनेरी पाठीचा सुतार माडांच्या बागेतही निभावून नेतो, याला ते जमत नाही. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात 2013 साली हायकोर्टाने वृक्षतोडीला बंदी घातली, 2020 मध्ये तिळारीचं जंगल संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं, हे सगळं चांगलंच झालं, पण इकडची बरीच जमीन खाजगी मालकीची आहे आणि कटरचा आवाज अजून येतो.

कोणी तुला सांगेल की हा पक्षी जागतिक यादीत धोक्यात नाही, कशाला काळजी करतोस. त्याला जपानचं त्सुशिमा बेट सांग. हीच जात, तिकडची उपजात. जुनी झाडं तोडली, वर संग्रहातल्या नमुन्यांसाठी पक्षी मारले. शेवटची पक्की नोंद 1920 ची आणि सरकारने संरक्षण दिलं 1923 ला. तीन वर्षं उशीर, बस. दक्षिण कोरियातही हीच उपजात होती, तिथूनही गेली. आग्नेय आशियात हा पक्षी अजून बऱ्याच ठिकाणी आहे म्हणून यादीत तो सुखरूप दिसतो, त्याचा तिळारीतल्या जोडीला काय उपयोग सांग.

तर काम कसं करायचं. एक साधी वही कर. वठलेलं झाड दिसलं की कुठलं झाड, छातीच्या उंचीला घेर किती, ढोली आहे का, जमीन कोणाची, लिहून ठेव. दर वर्षी त्याच झाडाकडे परत जा आणि उभं आहे की नाही बघ. कंटाळवाणं वाटेल, फोटोसारखे लाइक्स मिळणार नाहीत, पण जमिनीच्या मालकाशी बोलायला हीच वही लागते, 'काका, हे एवढं एक झाड ठेवा' म्हणायला. काही जण ठेवतात, मी स्वतः पाहिलंय. आणि जुनी सोडलेली ढोलीही लिही, त्यात पोपट, घुबडं, उडत्या खारी येऊन राहतात, त्यांना स्वतःला पोखरता येत नाही.

मोबाईलवर त्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही, ढोलीचं लोकेशन कोणालाही द्यायचं नाही, जवळच्या मित्रालाही नाही. याबाबतीत मी कडक आहे, आत्ताच सांगतो.

जानेवारीत ये, तेव्हा त्यांचं पोखरणं सुरू होतं. कॅमेरा आणलास तरी चालेल, पण मोजपट्टी विसरू नको, ओढ्याच्या पलीकडे एक वठलेला बेहडा आहे, मागच्या पावसातही टिकलाय, आधी त्याचा घेर घेऊ.

तुझा,
काका