मॉडेल बदललं म्हणजे आधीचं खोटं होतं का?

प्रश्न : काका नमस्कार. आमची दापोली तालुक्यात भातशेती आहे. पावसाचा अंदाज टीव्हीवर लागला की बाबा चिडतात, म्हणतात हे वेधशाळावाले सारखं मॉडेल बदलतात, म्हणजे आधीचं खोटंच होतं ना, त्यापेक्षा पंचांग बरं, ते तरी बदलत नाही. काय उत्तर देऊ?
– एक वाचक

उत्तर : बाबांना आधी माझा नमस्कार सांग, कारण बोट त्यांनी बरोबर जागी ठेवलंय, निष्कर्ष तेवढा उलटा काढलाय. पंचांगात एखाद्या वर्षी मृग नक्षत्राचं वाहन बेडूक निघतं, म्हणजे चांगला पाऊस, आणि पाऊस नाही आला तर आपण म्हणतो बेडूक रुसला, झालं, पुढच्या वर्षी वाहन काढायची रीत परत तीच. त्यात चूक पकडायला जागाच नाही.

वेधशाळेचं तसं नाही. १९८८ पासून शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचं १६ घटकांचं मॉडेल, म्हणजे पावसाचं गणित होतं, त्यात हिमालयातला बर्फ, एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं) वगैरे बघून देशाचा जून ते सप्टेंबरचा पाऊस आकड्यात सांगायचे. बरीच वर्षं ते ठीक चाललं. मग २००२ ला सांगितलं सरासरीच्या १०१ टक्के आणि पडला ८१! जुलैत तर देशभरात निम्म्याच्या आसपासच, ऐन लावणीचा महिना तो. आकडा आधीच जाहीर केलेला, त्यामुळे लपवायला काही उरलं नाही, टीका व्हायची ती झालीच.

पण टीकेतला खरा मुद्दा वेगळाच होता. हाताशी काही दशकांच्याच पावसाच्या नोंदी, आणि घटक घेतले सोळा. शिंप्याने इतकी मापं घेतली की शर्ट त्या दिवसाच्या पोटाला अगदी फिट्ट बसला, नि गणपतीत मोदक खाल्ल्यावर बटणं तुटली, तसं. जुना पाऊस छान जुळतो, पुढचा जुळेलच असं नाही. शिवाय घटकांचा पावसाशी असलेला संबंधही कायम तेवढाच राहत नाही, १९९७ ला एल निनो एवढा जबरदस्त, तरी देशात पाऊस सरासरीएवढा पडला.

मग २००३ ला कमजोर घटक काढून ८ आणि १० घटकांची मॉडेलं आली, एप्रिलचा अंदाज पुढे सुधारून द्यायला लागले. २००७ पासून अनेक मॉडेलांची सांगड, २०२१ पासून त्यात जगभरातली समुद्र आणि हवा एकत्र धरणारी मॉडेलं. पण एल निनो अजून बघतातच हां, सगळं फेकून नाही दिलं. मला तर २००२ नंतरही तेच मॉडेल जसंच्या तसं ठेवलं असतं तर जास्त शंका आली असती.

बाकी तो आकडा अख्ख्या देशाचा असतो, त्यावर धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत करतो ती) ठरवू नका. त्यासाठी जिल्ह्याचा चार-पाच दिवसांचा अंदाज बघा, तुमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठातून हवामानावर आधारित शेतीसल्ला निघतो तो मिळवा. आणि बाबांना सांग, यंदा मृग ते हस्त एका वहीत तीन रकाने पाडा, वाहन, अंदाज, आणि अंगणात मोजलेला पाऊस. दिवाळीत वहीचा फोटो मला पाठव.