बोटानं काढलेलं चित्र स्पर्धेत चालतं का ओ ताई?

प्रश्न : नमस्कार ताई. मी खानापूर तालुक्यातल्या एका गावची, बीए सेकंड इयरला आहे, कॉलेजला रोज बेळगावला येऊन-जाऊन करते. फोनवर आयबिस पेंटमध्ये बोटानंच चित्रं काढते, टॅब्लेट नाही. इन्स्टावर एका ऑनलाइन डिजिटल आर्ट कॉम्पिटिशनची जाहिरात दिसली, विषय आहे 'माझ्या घराजवळचं', फी २५० रुपये. दादा म्हणतो, बोटानं काढलेल्या चित्राला कोण बक्षीस देतंय की. नियम इंग्लिशमध्ये पाच पानं, वाचायला घेतले आणि सोडून दिले. बाकीची पोरं भारी भारी ड्रॅगन-बिगन काढतात, मी पण तसलंच काढू का? पहिल्यांदाच भाग घ्यायचाय, काय काय बघायचं?

उत्तर : दादाला सांग, परीक्षकाला चित्र दिसतं, बोट नाही दिसत. बोटानं काढताना अडचण एकच, प्रेशर मिळत नाही, म्हणजे दाबलं की जाड आणि हलकं धरलं की बारीक अशी रेघ येत नाही, सगळी रेघ एकसारखी येते. त्याला उपाय म्हणजे झूम करून काढायचं, स्टॅबिलायझर, म्हणजे हात थरथरला तरी रेघ सरळ ठेवणारी सोय, थोडा वाढवून ठेवायचा आणि रेघ जिथं जाड हवी तिथं परत एकदा फिरवून घ्यायची. वेळ जातो, पण होतं. बाजारात शंभर-दीडशेला रबरी टोकाचा स्टायलस मिळतो तो घ्यायला धावू नको, त्यालाही प्रेशर कळत नाही, ते फक्त थोडं लांब बोट आहे असं समज.

आता ती पाच पानं. ती वाचल्याशिवाय कॅनव्हास उघडायचाच नाही, हे मी स्वतः ठेच खाऊन सांगतेय. माझ्या पहिल्या स्पर्धेला मी राजहंसगडावरची संध्याकाळ काढली होती, सोळा-सतरा दिवस घालवून, आणि अपलोड करायच्या दिवशी नियम उघडले तर तिथं लिहिलेलं, लहान बाजू किमान ३००० पिक्सेल पाहिजे. माझा कॅनव्हास ए-फोर होता खरा, पण ७२ डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ७२ ठिपके, सगळा मिळून ५९५ बाय ८४२ पिक्सेल. तोच ए-फोर ३०० डीपीआयवर घेतला असता तरी २४८० बाय ३५०८ झाला असता, तोही कमीच, ए-थ्री घ्यायला पाहिजे होता, ३५०८ बाय ४९६१. मी काय केलं, चित्र ओढून मोठं केलं. गडाच्या तटाची जी रेघ मी दोन दिवस घासली होती तिच्या पायऱ्या-पायऱ्या झाल्या, आणि पायथ्याच्या झाडांचा नुसता हिरवा चिखल. तसंच पाठवलं. रिजेक्ट झालं, होणारच. तर साइज आधी बघ आणि त्याहून थोडा मोठाच कॅनव्हास घे, मोठं चित्र लहान करता येतं, उलटं जमत नाही. फोन जुना असेल तर मोठ्या कॅनव्हासवर लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर, कमी मिळतात आणि हँग होतं, म्हणून विषय ठरवतानाच लेयर किती लागतील त्याचा अंदाज घे.

साइजनंतर बघायचं ते हक्कांचं पान, आणि हे मात्र चहा घेऊन निवांत वाच. आपल्याकडं १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्याप्रमाणं तू स्वतःसाठी काढलेल्या चित्राची पहिली मालक तूच, कुठं रजिस्टर केलं नसलं तरी, आणि तो हक्क तू हयात असेपर्यंत आणि पुढं ६० वर्षं. नियमांत 'लायसन्स' असा शब्द असेल आणि पुढं लिहिलं असेल की स्पर्धेच्या प्रचारासाठी चित्र दाखवू, प्रदर्शनात लावू, तर ठीक आहे, ते सगळेच मागतात. पण 'असाइन' असा शब्द आला की थांब. असाइन म्हणजे मालकीच देऊन टाकणं. काही ठिकाणी तर जिंकलेल्याच नाही, आलेल्या सगळ्या एंट्रीज असाइन करून घेतात, म्हणजे तू २५० रुपये भरणार आणि वर चित्रही देऊन येणार, असला व्यवहार बेळगावच्या रविवारपेठेतला व्यापारी पण करणार नाही. 'परपेच्युअल' आणि 'वर्ल्डवाइड' हे दोन शब्द का घातलेले असतात माहितीय का? आपला कायदा म्हणतो, हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर तो पाचच वर्षांसाठी दिला असं धरायचं आणि कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरता. म्हणून ते मुद्दाम 'कायमचं' आणि 'जगभर' असं लिहून घेतात. प्रचाराच्या लायसन्समध्ये हे शब्द असले तर चालवून घेतलं एक वेळ, असाइनच्या शेजारी दिसले तर पान बंद कर आणि दुसरी स्पर्धा शोध, स्पर्धा काय पैशाला पासरी आहेत. आणि एक, त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमात आहे की हक्क विकून टाकला तरी 'हे चित्र मी काढलंय' म्हणायचा अधिकार चित्रकाराकडंच राहतो. नाव काढून टाकलं तर गप्प बसायचं नाही.

फीचं म्हणशील तर फी आहे म्हणून फसवणूकच असते असं नाही, सर्व्हरला, परीक्षकांना पैसे लागतात. मागच्या वर्षीचा निकाल चित्रांसकट दिसतोय का, परीक्षक कोण ते नावानं दिलंय का, एवढं बघ. दोन्ही नसेल तर ते २५० वाचव. 'जास्त लाइक्स त्याला बक्षीस' असं असेल तर मी तरी भाग घेत नाही, ती चित्रांची नाही, कॉन्टॅक्ट लिस्टची स्पर्धा असते, आपली मावशी-आत्या धरून साठ लाइक्स होतात, समोरच्याकडं पूर्ण कॉलेज असतं.

ड्रॅगनबद्दल. ड्रॅगन काढणारे हजार आहेत आणि त्यांचा हात तयार आहे, तिथं तू कशाला जातेस? विषय 'माझ्या घराजवळचं' आहे आणि तू राहतेस खानापुरात, जिथं पाऊस असा पडतो की बेळगावचे लोक पण तोंडात बोट घालतात. पागोळ्या बघितल्यास ना? कौलाच्या प्रत्येक नळीतून एक धार, आणि वर्षानुवर्षं त्याच जागी पडून पडून अंगणात खळग्यांची एक सरळ ओळ पडते, पाऊस थांबला तरी प्रत्येक खळग्यात थोडं पाणी, त्यात आभाळाचा एकेक तुकडा. मी तुझ्या जागी असते तर तेच काढलं असतं. नाहीतर कुंभाराच्या अंगणातली वाळत घातलेली मडकी, नाहीतर हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ, पण देऊळ अख्खं काढायला जाऊ नको, एक कोपरा घे. फोटो स्वतः जाऊन काढ. गूगल नाहीतर पिंटरेस्टवरचा फोटो खाली ठेवून गिरवलास तर तो दुसऱ्याच्या कॉपीराइटचा प्रश्न होतो आणि परीक्षक रिव्हर्स सर्च करून, म्हणजे चित्रच टाकून मूळ फोटो शोधून, दोन मिनिटांत पकडतात.

चित्रात मराठी अक्षरं घालायची असतील तर टाइप करून बघ, पण काही अ‍ॅपमध्ये जोडाक्षरं फुटतात, 'स्वच्छ'चं 'स्‌वच्‌छ' होऊन बसतं. सरळ हातानं काढ अक्षरं, जुन्या पेंटरच्या पाट्यांसारखी, दिसतातही छान.

फाइलचं सांगते आणि मग सोडते तुला. लेयर मर्ज, म्हणजे एकत्र, करू नको, आधी आर्टवर्कची कॉपी कर आणि मग काय ते कॉपीत कर. आयबिस पेंट काम करताना टाइमलॅप्स, म्हणजे चित्र कसं होत गेलं त्याचा पळता व्हिडिओ, साठवतं, तो सेव्ह करून ठेव, चित्र तूच काढलंस याचा आजकाल पुरावा मागतात. पाठवायचं ते पीएनजी किंवा पूर्ण क्वालिटीचं जेपीजी. मैत्रिणीच्या लॅपटॉपवरून अपलोड करणार असशील तर व्हॉट्सअ‍ॅपला फोटो म्हणून टाकू नको, तो दाबून बारीक करतो, डॉक्युमेंट म्हणून टाक. आणि डेडलाइन कुठल्या घड्याळाची ते बघ, 'रात्री ११:५९ यूटीसी' असेल, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेली जागतिक वेळ, तर आपल्याकडं दुसऱ्या दिवशी पहाटेचे ५:२९ होतात. म्हणून पहाटेपर्यंत जागायचं असं नाही हां, दोन दिवस आधी टाकून मोकळी हो, तुमच्याकडं पावसात करंट गेला की रेंज पण जाते.

प्रश्न : मी बेळगावात शहापूरला राहतो, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. आयुष्यभर वॉटरकलर केलं. नातवाच्या आग्रहामुळं एका ऑनलाइन डिजिटल स्पर्धेला चित्र पाठवावं म्हणतो. कागदावरचं चित्र स्कॅन केलं की ते डिजिटल होतं का? आणि आता ते एआय चार शब्द टाकले की चित्र काढून देतं म्हणे, मग आम्ही हातानं कशाला काढायचं?

उत्तर : सर, नमस्कार. स्कॅन केलं म्हणून बहुतेक ठिकाणी ते डिजिटल आर्ट धरत नाहीत, ते 'कागदावरच्या चित्राची डिजिटल प्रत' होते. पण पेन्सिलचं रेखांकन स्कॅन करून रंग कॉम्प्युटरवर भरले तर बऱ्याच स्पर्धा घेतात, नियमात 'मिक्स्ड' किंवा 'ट्रॅडिशनल' असा वेगळा गट आहे का ते नातवाला बघायला सांगा. स्कॅनर ३०० डीपीआयला, मोठं करायचं असेल तर ६००. स्कॅनर नसेल तर चित्र भिंतीला लावून फोटो काढा, ढगाळ दिवशी, सावलीत, आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये ढगांना काय तोटा. फोन अगदी जवळ नेऊ नका, कडा वाकड्या येतात, दोन पावलं मागं जाऊन थोडं झूम करा. शिकायची हौस असेल तर क्रिटा म्हणून फुकटचं सॉफ्टवेअर आहे, साध्या कॉम्प्युटरवर चालतं, त्यातले ओल्या रंगाचे ब्रश बघून तुम्ही आधी नाक मुरडणार आणि मग तासभर उठणार नाही.

एआयचं तुमचं दुखणं समजतं. २०२२ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट फेअरला डिजिटल गटात पहिलं आलेलं चित्र मिडजर्नी नावाचं एआय वापरून केलेलं निघालं, बक्षीस ३०० डॉलरचं पण बोंब जगभर. पुढं २०२३ मध्ये तिथल्या कॉपीराइट ऑफिसनं त्या चित्राची नोंदणी नाकारली. तेव्हापासून एआय चालणार का नाही ते बऱ्याच स्पर्धा स्पष्ट लिहायला लागल्यात, कच्ची स्केचेस मागायला लागल्यात. आणि इथं तुम्ही फायद्यात आहात सर, तुमच्याकडं चाळीस वर्षांच्या स्केचबुकांचा गठ्ठा असणार. आमच्या पिढीकडं फोन फॉरमॅट झाला की काहीच उरत नाही.

राहता राहिलं 'कॉम्प्युटरवरचं ते काय चित्र' हे. तुम्ही लिहिलं नाहीत पण ओळींच्या मधे ते मला दिसलं. चित्रकार-शिक्षक के. बी. कुलकर्णींकडं शिकलेले आपल्या बेळगावचे रवी परांजपे जाहिरातीत आणि इलस्ट्रेशनमध्ये रमले, तेव्हाही लोक म्हणायचेच की इलस्ट्रेशन म्हणजे काय खरं पेंटिंग नव्हे. तुम्ही एक चित्र करून तर बघा, नाही आवडलं तर वॉटरकलर कुठं पळून चाललंय?

प्रश्न : निपाणीहून लिहितोय. मुलगा आठवीत आहे, त्यानं माझ्या नंबरवरून कुठल्यातरी ऑनलाइन ड्रॉइंग स्पर्धेत चित्र पाठवलं. आता मेसेज आलाय, 'अभिनंदन, तुमचा मुलगा टॉप टेनमध्ये, ट्रॉफी आणि सर्टिफिकेटच्या कुरिअरसाठी ८९९ भरा', सोबत क्यूआर कोड. पोरगं खुशीत आहे. भरू का?

उत्तर : नका भरू. आधी विचारा की टॉप टेनमधली बाकीची नऊ चित्रं कुठं बघायला मिळतील. उत्तर येणार नाही, किंवा 'आज रात्रीपर्यंतच ऑफर आहे' असं येईल. आणि 'बक्षिसाचे पैसे पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाका' असं म्हणाले तर ती शंभर टक्के चोरी, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. पोराला ओरडू नका बिचाऱ्याला, त्याचं चित्र प्रिंट काढून घरात लावा. आणि हे पत्र छापून येईपर्यंत तुम्ही भरून बसला असाल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, बँकेलाही कळवा, मला काय, नंतर सावकाश लिहिलं तरी चालेल.