सहावा अध्याय एका वाक्यात उरकू नका

सलाम ताई. तरुण संघासाठी ‘येशूची सेवा आरंभीच्या मंडळीने पुढे कशी चालवली’ यावर तुम्हाला सहा रविवार घ्यायचे आहेत. यादीही तयार आहे: उपदेश, रोग बरे करणे, चमत्कार, पौलाचे तीन दौरे. पण शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, ‘मंडळीत मदतीच्या वाटपावरून कुरकुर चालू आहे, म्हणून पैशाचा विषय टाळतेय.’ ते वाचलं आणि राहवलं नाही. सोळा वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं.

आधीच सांगतो, मी पाळक नाही, सेमिनरीची पायरी चढलेलो नाही, ग्रीक येतं ते शब्दकोश उघडून बघण्यापुरतं. पेंटेकॉस्टचा दिवस, तीन हजारांचा बाप्तिस्मा हे तुम्हाला पाठच असणार, ते सोडतो.

माझी मालिका दहा रविवारांची होती. त्यातले चार पौलाच्या नकाशावरच गेले. मुलींनी रंगीत दोरे ताणून प्रवास दाखवले, फोटोबिटो निघाले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय मात्र मी ‘काही तक्रारी आल्या, मग सात सेवक नेमले’ एवढ्यावर गुंडाळला. वर्ग सुटल्यावर चटया गुंडाळायला थांबलेली एक बाई म्हणाली, “भाऊ, त्या बायांची तक्रार काय होती, ते नाही सांगितलं तुम्ही.” ती वीटभट्टीकडच्या वस्तीतून यायची, नवरा जाऊन वर्ष झालेलं. मी म्हटलं, पुढच्या रविवारी बघू. त्यानंतर ती दोन-तीनदा आली, मग यायचीच थांबली.

मदतनिधीचं रजिस्टर माझ्याकडेच असायचं. त्यात तिचं नाव होतं, पण पेन्सिलने. समोर माझ्याच अक्षरात ‘कागद आल्यावर’. महिना तीनशे रुपयांसाठी वरच्या कार्यालयाला नवऱ्याचा मृत्यूचा दाखला हवा होता. दाखल्यात आडनावाची वेलांटी चुकलेली, म्हणून फॉर्म परत. मग प्रतिज्ञापत्र आणा. मग साहेब दौऱ्यावर. सात महिने गेले. त्या कार्यालयावर मी अजून पानंच्या पानं लिहू शकतो, पण खरी चूक माझी. शंभर-शंभर रुपये आम्ही तिघांनी खिशातून घातले असते तरी भागलं असतं. मला ते सुचलं नाही, कारण मी नकाशात होतो.

आता अध्याय उघडा. यरुशलेमेत रोजच्या वाटणीत हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांची उपेक्षा होऊ लागली. ज्या येशूने ‘विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या’ शास्त्र्यांना सुनावलं, त्याच्याच मंडळीत हे काही वर्षांत झालं, आणि हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने ते लपवलं नाही. प्रेषितांनीही ‘कुरकुर करू नका’ असं प्रवचन दिलं नाही. सगळ्यांना बोलावलं आणि माणसं निवडायला सांगितलं. निवडलेली नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही ग्रीक. ग्रीक नाव म्हणजे ग्रीक बोलणाराच असं नाही, बारा शिष्यांतही फिलिप्प आणि अंद्रिया होतेच. तरी मला वाटतं, ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप दिलं गेलं. आमच्या कमिटीत हे कोणी सुचवलं असतं तर चहा गार झाला असता.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. रोजच्या वाटणीला लूक ‘दियाकोनिया’ म्हणतो आणि दोन-तीन ओळींनंतर वचनाच्या सेवेलाही तोच शब्द वापरतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू म्हणतो, मी तुमच्यामध्ये सेवा करणाऱ्यासारखा आहे, तिथेही मूळ ग्रीक धातू हाच. म्हणजे उपदेश ही खरी सेवा आणि भाकर वाटणं हे किरकोळ काम, ही उतरंड आपली. हे मत माझं आहे. तुमच्या पाळकांचं वेगळं असेल तर वाद घालत बसू नका.

पैशाचा विषय तर अजिबात टाळू नका. फक्त हनन्या-सप्पीरापासून, म्हणजे पैसे मागे ठेवून खोटं बोलले आणि जागीच मेले त्या नवरा-बायकोपासून, सुरुवात नको, लोक घाबरून पाकीट उघडतात आणि नंतर नावं ठेवतात. पौल यरुशलेमेतल्या गरिबांसाठी मासेदोनिया-अखयात, म्हणजे ग्रीसकडे, वर्गणी जमवत होता. पण तिथल्याच करिंथ शहरातल्या मंडळीला तो पत्रात सांगतो, ती पोचवायला तुम्ही पसंत कराल ती माणसं पाठवू. दुसऱ्या पत्रात स्पष्ट लिहितो की एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी दोष लावू नये म्हणून जपतोय. पौलाला जपावं लागलं तर खजिनदाराने हिशेब फळ्यावर लावायला काय हरकत आहे?

पुढचं हवं असेल तर सुमारे १५५ साली रोममध्ये लिहिणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन बघा: रविवारची वर्गणी अध्यक्षाकडे जमते आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परके यांना मदत जाते. सन २५१ च्या सुमारास रोमचा बिशप कर्नेल्यस लिहितो की त्याची मंडळी दीड हजारांवर विधवा आणि गरजूंना पोसते. याद्या तेव्हाही होत्या, अटीही होत्या. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विधवेचं नाव यादीत घालायला साठ वर्षांची अट आहे. त्यामुळे कागदच नको असं माझं म्हणणं नाही. कागद येईपर्यंत ती बाई काय खाणार, एवढंच विचारा.

सहा रविवारांत पौलाला एक पुरे. पहिल्या रविवारी सहावा अध्याय घ्या, दुसऱ्या रविवारी यापोची दुर्कस, जिने शिवलेली वस्त्रं विधवा रडत रडत पेत्राला दाखवतात. आणि कुरकुर करणाऱ्या बायकांना आधी भेटा, वर्गात नको, त्यांच्या घरी. नकाशा लागलाच तर माझ्याकडे आहे, दोऱ्यांसकट.